विसाव्याची खूण

त्या घरात माणसं चार, पण झोप एकट्याच्याच वाट्याला आली होती. बाकीच्यांनी नुसतं पडून राहायचं आणि आढ्याकडे बघायचं.

घर विहिरी खणणाऱ्यांचं. खाली उतरायचा तो थोरला मुलगा. गाव त्याला 'निवांत' म्हणायचं. कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं नाव असं चिकटलं, की रविवारी उपासना संपल्यावर पाळकसुद्धा दारात उभे राहून "काय निवांत, कसं काय?" असंच विचारायचे. कारणही तसंच होतं. दुपारी डबा खाल्ला की हा माणूस विहिरीच्या तळाशी झोपायचा. वर येऊन सावलीत नव्हे, तिथंच. खाली कठीण मुरूम लागला की तो आधी बाजूच्या भिंतीत एक कोनाडा कोरायचा, अंग मुडपून मावेल एवढा. विहीर आणखी खोल गेली की आणखी खाली नवा कोनाडा. त्यात शिरायचा, पालथं घमेलं उशाला घ्यायचा, आणि वर जगबुडी झाली तरी त्याला पत्ता नसायचा.

या कोनाड्यांवरून बायकोचं डोकं फिरायचं. त्याच्या कमरेच्या दोराचं वरचं टोक तिच्या हातात असे. काठावर एक खुंट ठोकलेला, त्याला दोराचा एक वेढा आणि मग तिची मूठ. धाकटा दीर रहाट फिरवून माती वर घ्यायचा. सासरा एके काळी स्वतः उतरायचा, आता गुडघे गेल्यामुळे मातीच्या ढिगावर बसून कडेची भेग न् भेग डोळ्यांनी तपासायचा.

दोर एकदा ओढला की घमेलं वर घ्या. दोनदा ओढला की थांबा. या खुणा सगळ्याच खणणाऱ्यांच्या. तीनदा ओढला की, मी विसावा घेतोय, काळजी नको, घाई नको. ही तिसरी खूण मात्र फक्त या घरची होती आणि ती म्हाताऱ्यानं पाडली होती. तरुणपणी त्याचा जोडीदार खाली जरा टेकून बसला होता. हाकेला ओ आली नाही तेव्हा वरचे घाबरले, चक्कर आली समजून त्यांनी धडाधड दोर ओढला आणि कडेच्या कपारीवर त्या बिचाऱ्याचं डोकं फुटलं. ओढणाऱ्यांत म्हातारा होता. त्या दिवसापासून त्यानं प्रार्थनामंदिराची पायरी चढली नाही. "देव असलाच तर वर बसलेला असणार," एवढंच म्हणायचा, "आणि वरून ओढणाऱ्यांना खालचं काही कळत नसतं."

वरच्यानं मात्र तीनदा दोर ओढायचा नाही. वरच्याला विसावा नसतोच.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. त्यामुळे काम भरपूर होतं, पाणी कुठंच नव्हतं. गेल्या दोन विहिरी खडखडीत निघाल्या. लोक तोंडावर काही बोलत नसत, पण वाटेत समोरून आले की उगाच पायातलं काही बघितल्यासारखं करत. आता ही तिसरी विहीर दूधवालीच्या गोठ्यामागची. बाईकडे जनावरं बरीच, एक ट्रॅक्टर आणि जीभ तिखट. ही विहीरही कोरडी गेली असती, तर या घराला पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

त्या सकाळी काठावरच जुंपली.

"आज त्या कोनाड्यात झोपायचं नाही," बायको म्हणाली.

"कालच कोरलाय की. नवा आहे."

"म्हणूनच सांगते. काल दूधवाली वाकून बघत होती. खाली कामाचा माणूस आहे की पाहुणा, असं विचारलं तिनं मला."

"पाहुणाच आहे. विहीर काय माझी आहे?"

धाकटा फिस्सकन हसला.

"तू हसू नकोस रे! दोघं भाऊ एका माळेचे मणी. घरात पाण्याचा ठणठणाट, पुढं काय होणार याचा थांग नाही आणि याला झोप लागते! माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही."

"तू दोर धरून बसतेस, म्हणून मला लागते," निवांत कमरेची गाठ आवळत म्हणाला. "आणि तुझा दोर धरणारा वर आहे. तुलाही लागायला हरकत नाही."

"उपदेश पाळकांसाठी राहू दे. आज तीनदा दोर हलला ना, तर मी तो सोडून सरळ घरी जाईन. सांगून ठेवते."

ती असं बोलली खरी, पण बोलता बोलताच तिनं खुंटावरचा वेढा आवळून घेतला. ती प्रार्थना करायची नाही असं नाही. उलट त्याच्यापेक्षा जास्तच करायची, पण तिची प्रार्थना म्हणजे भांडण असे. हे का दिलं नाहीस, ते कधी देणार, उद्याचं काय. आणि हा पठ्ठ्या उतरताना दर खेपेला एवढंच म्हणायचा, "बापा, खाली चाललोय." आजही तेवढंच म्हणाला आणि शिडीवरून दिसेनासा झाला.

सकाळभर काम झालं. टिकावाचा आवाज येत होता, दोर एकदा हलत होता, रहाट कुरकुरत होता. ऊन असं, की पहारीला हात लावला तर चटका बसावा. धाकट्याच्या पाठीवर घामावर धूळ बसून तिचा लेप झाला होता. दुपार झाली. घमेल्यातून डबा खाली गेला. टिकाव थांबला.

ती दोराकडे बघत बसली. दोर हलला नाही.

आधी तिला बरं वाटलं. ऐकलं म्हणायचं एकदाचं! मग थोड्या वेळानं बरं वाटेना. लग्न झाल्यापासून अशी दुपार गेली नव्हती, की ती खूण आली नाही. एक ओढ, दुसरी ओढ, आणि मग तिसरी, लांब, आळसानं ओढल्यासारखी. त्या तिसऱ्या ओढीवरूनच तिला कळायचं की हा आता डोळे मिटणार. आज तो तिथं तळाच्या मधोमध उन्हात बसून जेवत असेल, तिच्या धाकानं. आपण उगाच बोललो, असं तिला वाटायला लागलं आणि तेवढ्यात म्हातारा ओरडला, "कड सुटली!"

समोरच्या बाजूची वरची मऊ माती आधी नुसती हलली, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. मग ती दगडगोट्यांसकट अख्खी खाली गेली. दोराला असा हिसडा बसला, की तिच्या तळहाताची कातडी सोलून निघाली. तरी तिनं सोडला नाही. धुळीचा लोट वर आला आणि काही काळ कुणाला कुणी दिसेना.

धूळ बसली तेव्हा तळ नव्हता. शिडी नव्हती. दगडमातीचा ढीग होता आणि त्यात तिचा दोर शिरलेला होता.

"दादा!" धाकटा काठावर पालथा पडून हाका मारत होता. "दादा, ए दादा!"

खालून काही आलं नाही.

माणसं धावत आली. दूधवाली ट्रॅक्टर घेऊनच आली. बाई तिखट असली तरी वाईट नव्हती.

"दोर त्याच्या कमरेलाच आहे ना? मग लावा ट्रॅक्टरला. एका दमात निघेल."

"हो, हो, लावा," चारजण म्हणाले. काहीच सुचत नसलं की माणसाला ओढणं सुचतं.

ती मात्र जागची हलली नव्हती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कोनाडा ज्या बाजूला होता ती बाजू उभी होती. कोनाड्यात असता तर वाचला असता. पण आपण नको म्हणालो आणि खूण आली नाही. म्हणजे त्यानं ऐकलं. जन्मात कधी बायकोचं ऐकलं नाही त्यानं, आणि आजच ऐकलं.

तिनं डोळे मिटले. या वेळी भांडण सुचेना. तोंडून एवढंच आलं, "प्रभू, त्यानं माझं ऐकलेलं नसू दे."

दूधवालीचा माणूस दोराला साखळी अडकवायला वाकला, आणि त्याच वेळी तिच्या मुठीत दोर हलला.

एकदा.

दुसऱ्यांदा. आणि मग तिसऱ्यांदा, लांब, आळसानं ओढल्यासारखा.

"हात लावू नका!" ती एवढ्या जोरात किंचाळली, की साखळीवाला मागं बसला. "विसावा घेतोय तो. तीनदा ओढला. कोनाड्यात आहे!"

धाकट्यानं धावत येऊन दोर धरला. बराच वेळ धरून राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, काही नाही गं. दगड बसतायत खाली. त्यानं हलला असेल."

"हो बाई," दूधवाली म्हणाली, "जिवाला आस असते, तसं वाटतं. वेळ घालवू नका."

म्हातारा ढोपरांवर रांगत आला. त्यानंही दोरावर तळहात ठेवला. दोर गप्प होता. त्यानं सुनेकडे पाहिलं.

"सारख्या अंतरानं?"

"हो."

"शेवटचा?"

"लांब. रोजच्यासारखा."

म्हाताऱ्याचा चेहरा मातीच्या भिंतीसारखा कोरडा होता, त्यावरून काही कळेना. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्याही हातांना ओढण्याची सवय होती. एकदा त्यांनी ओढलंही होतं.

"दोराला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "कोनाड्याच्या बाजूनं खणायचं. वरून एकेक दगड काढायचा. टिकाव नाही, पहार नाही. हातानं."

"संध्याकाळ होईल!" दूधवाली म्हणाली. "तोवर मेला तर?"

"मेला असेल तर घाई कशाला? आणि झोपला असेल तर घाई कशाला?"

साखळीवाल्यानं साखळी बाजूला टाकली.

काम सुरू झालं. उभ्या कडेला लागून नवी शिडी सोडली. धाकटा आणि दोन गडी खाली उतरले, वर माणसांची रांग लागली. दगड हातातून हातात वर येऊ लागले. पाळक आले ते अंगरख्याच्या बाह्या सारतच. काठाशी उभं राहून त्यांनी प्रार्थनेला हात जोडले, तर म्हातारा म्हणाला, "घमेलं धरा."

"घमेलं धरूनही होते ती," पाळक म्हणाले आणि रांगेत उभे राहिले. चांगला माणूस. त्यांची बोटं सोलून निघाली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

ती दोर धरून बसली होती. कुणीतरी तिच्या तळहाताला ओलं फडकं बांधलं. तिला वाटत होतं, पुन्हा एकदा हलावा, अगदी थोडा. दोर हलला नाही. दर थोड्या वेळानं मनात शंका डोकं वर काढायची: खरंच हलला होता का? की दगडच होते? तुझ्या शब्दावर ही सगळी माणसं हातानं दगड वेचतायत, आणि तो तिकडं मधोमध असला तर?

मग तिच्या लक्षात आलं, की त्यानं पुन्हा कशाला ओढावा? विसावा घेणारा माणूस एकदाच सांगतो. रोज सांगतो आणि झोपतो. आपण रोज ती खूण घेतली, मुठीत घेतली, पण खरी कधी मानली नाही. काळजी नको, घाई नको, असं इतकी वर्षं कुणीतरी सांगत होतं आणि आपण दोर आवळत होतो.

तिची मूठ सैल झाली. दोर सुटला नाही, नुसती मूठ सैल झाली. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिनं खुंटाला डोकं टेकलं. ऊन होतं, धूळ होती, दगडांचे आवाज होते, नवरा जमिनीखाली होता, आणि तिला झोप लागली.

रांगेतली एक बाई कुजबुजली, "अगं बाई, ही झोपली की काय?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती लहान मुलासारखी तोंड उघडं टाकून झोपली होती. असं काही त्यांनी कधी बघितलं नव्हतं. कुणी तिला नावं ठेवली नाहीत. उलट रांगेतली बडबड आपोआप थांबली, दगडसुद्धा सगळे हळू ठेवायला लागले.

"झोपू दे," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा आला.

दिवस कलला तेव्हा धाकट्याच्या हाताला पोकळी लागली. त्यानं चार दगड काढले आणि आत तोंड घातलं. मग खालून जो आवाज आला त्यावरून तो रडतोय की हसतोय, वरच्यांना कळेना.

"आहे! कोनाड्यात आहे! घोरतोय मेला!"

त्याला वर आणलं तेव्हा डोळे आणि दात सोडले तर बाकी सगळा माणूस मातीचा होता. एक पाय ठेचला होता, खांदा सोलला होता. काठावर बसवला, पाणी पाजलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, एवढी माणसं बघून ओशाळला आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"डबा खालीच राहिला."

लोक हसले आणि रडलेही. ती जागी झाली होती. त्याच्यासमोर येऊन नुसती उभी राहिली. तिला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याची माती पुसावीशी वाटत होती. त्यातलं एकही तिला जमेना.

"रागावू नकोस," तो चाचरत म्हणाला. "तू नको म्हणाली होतीस ते ऐकलं होतं मी. पण डोळेच मिटायला लागले. म्हणून गुपचूप शिरलो कोनाड्यात."

"गुपचूप?"

"खूण केलीच नाही ना. केली असती तर तू दोर सोडून गेली असतीस."

"आधी नसशील केली," ती म्हणाली. "नंतर केलीस. माती पडल्यावर."

त्यानं मान हलवली. "नंतर कुठली? नंतर मी ओरडत होतो. अगं, मला सगळे निवांत म्हणतात, पण मी असा ओरडलो, असा रडलो, की विचारू नकोस. कोनाड्याचं तोंड बंद, डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. प्रार्थनासुद्धा आठवेना. मग कमरेचा दोर हाताला लागला. म्हटलं, ती वर धरून बसली असणार. रागावली असली तरी सोडायची नाही. हलवला मात्र नाही, हलवला की वरची माती गळायची. नुसता धरून पडलो. आणि मग केव्हातरी झोप लागली."

तिनं आपल्या फडकं बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

तेवढ्यात धाकटा शिडीवरून वर आला. त्याच्या हातात काही होतं. ते त्यानं बापासमोर मातीत ठेवलं आणि बाजूला झाला.

दोराची दोन टोकं होती. एक निवांतच्या कमरेकडचं, त्याला बाहेर काढताना सोडलेलं, फार तर हातभर. दुसरं तिच्या हातातल्या दोराचं, खालचं. दोन्ही चेंदून तुटलेली.

"हे कुठं होतं?" म्हाताऱ्यानं वरचं टोक उचलून विचारलं.

"मोठ्या चपट्या दगडाखाली. अगदी तळाशी, पहिल्या झटक्यात पडलेल्या. आम्हा तिघांना हलेना तो, पहार लावावी लागली शेवटी. कड सुटली तेव्हाच तुटला दोर."

म्हणजे ती दिवसभर जो धरून बसली होती त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. आणि तो खाली जो धरून झोपला होता, त्याच्या वरच्या टोकाला कुणी नव्हतं.

दूधवालीनं तोंडाला पदर लावला. म्हातारा दोन्ही टोकं दोन हातांत घेऊन बसला. ती त्यानं जवळ आणली, पुन्हा लांब केली. त्या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेकडे तो बघत राहिला.

"दगड बसताना..." त्यानं सुरुवात केली. वाक्य तसंच राहिलं. मग त्यानं सुनेला पुन्हा विचारलं, "शेवटचा लांब होता?"

"लांब होता," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली. घरातसुद्धा ती उतरवलेली कुणी पाहिली नव्हती. त्याचं टक्कल पांढरंफटक होतं, उन्हानं रापलेल्या कपाळापेक्षा निराळंच. तो पाळकांकडे वळला नाही, आभाळाकडेही पाहिलं नाही. विहिरीकडे तोंड करून म्हणाला, "मला वाटलं होतं, तू फक्त वर असतोस."

पाळकांनीही त्यावर एखादं वचन ऐकवलं नाही, आणि त्यांचं मला विशेष वाटतं.

ती विहीर सोडून द्यावी लागली. निवांतचा पाय बरा झाल्यावर दूधवालीनं पलीकडच्या बाजूला नवी जागा दाखवली आणि यांनी पहिल्यापासून खणायला घेतलं. दोर नवा आणला. खुंट तोच. आभाळ तसंच कोरं होतं आणि या जागी पाणी लागेल की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. मुरूम लागल्या दिवशी निवांतनं आधी कोनाडा कोरला. दूधवाली वाकून बघत होती, पण आज तिनं पाहुण्याचं नाव काढलं नाही.

दुपारी डबा खाली गेला. टिकाव थांबला. दोर हलला. एकदा, दुसऱ्यांदा, आणि मग लांब, आळसानं ओढल्यासारखा.

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो ढिगावर बसला होता, टोपी मांडीवर. त्यानं हात पुढं केला आणि दोर आपल्या मुठीत घेतला. पण तो त्याच्या हाती पूर्ण सोडण्याआधी ती थांबली. वरच्यानं जे कधी करायचं नसतं आणि या घरात कुणी कधी केलं नव्हतं, ते तिनं केलं. तिनं दोर एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा ओढताना मात्र तिनं घाई केली नाही.

खालून निवांतचं हसू ऐकू आलं. ती मातीच्या ढिगाच्या सावलीला आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.